नखं

बितोमच्या संगीतशाळेत एकतीस वर्षं
मी लोकांचे कोट सांभाळले.
मैफल दारातून ऐकू यायची, निम्मीच.
उरलेली निम्मी मी खिशांवरून ओळखायची.

गेरार्ड शिमिचेकच्या खिशात
पॉलिशपेपरचा बारीक तुकडा, लिंबाच्या गोळ्या,
आणि एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात,
चौकात रणगाडे उभे असताना,
कापलेला पिंगपाँगचा चेंडू.

हे काय, मी विचारलं.
नख, तो म्हणाला.
अनामिकेचं तुटलंय, कोळसा उतरवताना.
चेंडूची एक पाकळी गोंदाने बोटावर चिकटवून
त्या संध्याकाळी तो वाजवत होता,
कर्फ्यूच्या आत संपवायचं म्हणून
जरा घाईनेच.

बाप खाणकामगार. डाव्या हाताला तीन बोटं,
दोन राहिली जमिनीखाली सहाशे मीटरवर.
पोराच्या उजव्या हाताकडे बघून म्हणायचा,
नवरीचा हात आहे हा.
आमच्या गावाला पितळी बँड कळतो;
सेंट बार्बराच्या दिवशी टुबा घुमला की
कपाटातल्या बशा हलतात.
गिटार म्हणजे शेकोटीभोवतीच्या पोरांचा चाळा.
त्यात तारा मिळेनात. त्याने मासे धरायची दोरी ताणली,
पाऊण मिलिमीटर जाड,
आणि तिच्यावर बाख चढवला.

मे महिन्यातही उजव्या हातात मोजा.
लोक हसायचे. मीही हसले आहे.

एकदा परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं.
पासपोर्ट हातात पडला तेव्हा
स्पर्धा होऊन नऊ दिवस झाले होते.
उमेदीला नख लावतात ते असं,
रबरी शिक्का मारून, सही घेऊन.
त्याने कोट दिला, बिल्ला घेतला,
आणि आठ वर्षांच्या एका मुलीला
अंगठा कसा टेकवायचा ते शिकवायला वर गेला.

पुढे सीमा उघडल्या. डॉर्टमुंडच्या हॉटेलात वाजवून
तो उंटाच्या लोकरीचा कोट घेऊन आला. जड, सुरेख.
एक रेकॉर्ड निघाली. चारशे प्रती.
पन्नास अजून माझ्याकडे आहेत, छत्र्यांच्या खाली.

पुरती मैफल मी एकदाच ऐकली.
बर्फ इतकं, की कोणी आलंच नाही.
खुंटीवर एकच कोट, त्याचाच.
खाली येऊन तो माझ्या स्टुलावर बसला.
मधेच किटलीने शिट्टी घातली.
तो थांबला. म्हणाला,
पानी एल्फ्रीडा, आधी तिला संपवू दे.

फेब्रुवारीत दवाखान्यात त्याचे कपडे घेऊन मीच गेले,
दुसरं कोणी नव्हतं.
नर्सने उजव्या हाताची नखं कापली होती.
नीट, गोल. स्वच्छतेसाठी, म्हणाली.
तिला काय सांगणार.

दोन्ही हात आता सारखे दिसत होते.
तरी मी उजव्यात मोजा चढवला.
बाहेर उणे अकरा होतं.