चुकेर

या शहराचं नाव कागदावर लोड्झ, तोंडात वूच.
स्टेशनबाहेर अर्धा तास मी कागदावरचंच विचारत फिरले,
एका हातात बॅग, दुसऱ्यात आठ शेवंत्या.

कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं शिकून आले होते.
पिवळ्याधमक, टपोऱ्या.
दुकानादुकानाबाहेर नुसती रास लागलेली,
म्हटलं, सण दिसतोय काहीतरी.

वियेस्वावाबाईंनी दार उघडलं.
मी उंबऱ्याबाहेरून हात पुढे केला.
तो न घेता त्यांनी मनगटाला धरून
मला आधी आत ओढलं, मग हात मिळवला.
फुलांकडे पाहिलं. मोजली असावीत.
आणि काही न बोलता बाल्कनीत नेऊन ठेवली,
थंडीत.

दाराशी सपातांची रांग होती.
हाताला लागल्या त्या घातल्या,
तपकिरी, लोकरीच्या, दोन बोटं मोठ्या.
नातू तिमोन म्हणाला, "त्या..." आणि थांबला.
राहू दे, म्हणाल्या बाई.
एवढं भाषेशिवाय कळलं.
तेव्हापासून या घरात मी फटक फटक चालते,
रात्री पाणी प्यायला उठले तरी सगळ्यांना कळतं.

चहात दूध मागितलं
तर बाईंनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.
तिमोननं फोनमध्ये शब्द शोधले, कानापर्यंत लाल झाला:
"दुधाचा चहा इथे बाळंतिणीला देतात."
माझा धाकटा बारावीला आहे, मी म्हटलं.
तरी त्या रोज दूध घालूनच देतात,
वर दोन चमचे साखर.

साखरेला म्हणतात चुकेर.
चुलीतला च, चहातला नव्हे.
मला पहिल्या फटक्यात जमला.
बाईंनी टाळी वाजवली, शेजारणीला बोलावून
पुन्हा म्हणायला लावला.
मागच्या वर्षीच्या ब्राझीलच्या मुलीला
सहा महिन्यांत आला नव्हता म्हणे.
काय सांगू त्यांना,
चूक म्हणताना हाच लागतो आम्हाला,
सरावाचा आहे.

संग्रहालयात दिवसभर जुन्या मागांचे दात मोजते.
ते सोपं आहे. तुटलेलं दिसतं तरी.

अवघड होतं न्हाणीघर.
मापाचं भांडं, अर्ध्या लिटरचं, लाल रेघांचं,
मी रात्री स्वयंपाकघरातून चोरून न्यायचे,
पहाटे घासून जागेवर.
रविवारी बाई केकला उभ्या राहिल्या
आणि ते जागेवर नव्हतं.
सोमवारी कमोडशेजारी निळं, नवंकोरं टमरेल,
किमतीची चिठ्ठी नखानं खरवडलेली.
यावर कुणी कधी काही बोललं नाही.
मीही.

मग नोव्हेंबरची एक तारीख.
बाईंनी बाल्कनीतून शेवंत्या आणल्या,
आठच्या आठ, थंडीनं उलट ताज्या.
ट्राममध्ये सगळ्यांच्याच मांडीवर शेवंती.
तिमोननं हळूच सांगितलं,
ही फुलं मेलेल्यांची. सम आकडाही त्यांचाच.
मला ट्राममधून उडी मारावीशी वाटली.
बाई पुढच्या सीटवरून वळून म्हणाल्या,
"बरोबरच आणलीस तू. फक्त आठ दिवस आधी."

दफनभूमीत काचेचे हजारो दिवे, मेणाचा वास,
लहान मुलं, थर्मास.
दगडावर नाव: ब्रोनिस्वाव.
शेजारी बाईंचंही कोरून तयार,
जन्मसाल, पुढे एक रेघ, पुढे काही नाही.
बाईंनी ती जागा बाहीनं पुसली,
जेवणाआधी टेबल पुसावं तशी.
मी शेवंत्या ठेवल्या.
आमच्याकडे या केसांत माळतात,
हे सांगायचं होतं. शब्द नव्हते.
वेणी घातल्यासारखा हात डोक्यामागे नेऊन दाखवला.
बाईंनी एक फूल देठाशी खुडलं, आपल्या टोपीत खोचलं,
आणि तिमोन ओशाळून दुसरीकडे बघत राहिला.

घरी आल्यावर सपातांपाशी मी अडले.
कुणाच्या ते आता माहीत होतं.
बाईंनी पायानंच त्या माझ्याकडे सरकवल्या.
आत जाड कापडाचा नवा तळ शिवलेला होता,
बरोबर दोन बोटं भरून निघतील इतका.

त्या रात्री स्वयंपाकघरात
मी कधी येऊन उभी राहिले
दोघांनाही कळलं नाही.