मागची सीट

मला माणसं मानेवरून ओळखू येतात.
अकरा वर्षं मागच्या सीटवर बसून
एवढं तरी शिकले.
घाबरलेली मान खांदे कानांपर्यंत ओढून घेते,
घरून भांडून आलेली ताठ असते,
आणि आपल्याला आता येतंय असं वाटणाऱ्याची
किंचित डावीकडे कललेली.
तिच्यावर मी जास्त लक्ष ठेवते.

हडपसरच्या गवतावरून सकाळी सातला
फिरायला आलेले काका अजून हललेले नसतात.
बापू हरपळे आधी कुत्री हाकलतात, मग काकांना,
मग विंचवर बसून तंबाखू मळतात.
दोर गवतातून सरपटतो, ताठ होतो,
आणि मिनिटाच्या आत आम्ही हजार फुटांवर.
खाली कालवा, सातववाडीच्या गच्च्यांवरच्या टाक्या,
पलीकडे मगरपट्ट्याच्या काचा.
दोर सुटतो. खट्‌.
मग इंजिन नसलेल्या विमानाची शांतता,
जिच्यात माझा आवाज मलाच आगाऊ वाटतो:
नाक खाली. धागा बघ.

काचेवर चिकटपट्टीने लावलेला तांबडा लोकरीचा धागा,
माझ्या जुन्या स्वेटरचा.
विमान तिरकं सरकलं की तो चुगली करतो.

एका उड्डाणाचे मला ऐंशी रुपये.
सात मिनिटांचं एक. घारी भेटल्या तर वीस मिनिटं,
पैसे तेवढेच.
वारा आडवा आला की शून्य.
पावसाळाभर शून्य,
तेव्हा मी दहावीच्या मुलांना भूमिती शिकवते.
तिथेही कोन चुकतातच.

स्कूटरच्या कर्जाला बँकेत गेले तेव्हा
बाईंनी विचारलं, उत्पन्न स्थिर आहे का?
म्हटलं, सगळं वाऱ्यावर आहे.
त्या हसल्या नाहीत.
दोन जामीनदार आणा म्हणाल्या.

लोकांना वाटतं मी विमान उडवते.
मी हात मांडीवर ठेवते.
पुढची दांडी हलते तशी माझ्या गुडघ्यांमधली हलते,
चूक माझ्यापर्यंत आधी पोचते, तिच्या मालकाच्याही आधी.
ती किती होऊ द्यायची
हे मला कुणी शिकवलं नाही.
तळव्यांना घाम येतो, तोवर थांबायचं.

आफरीन तांबोळी घोरपडीहून दोन बस बदलून येते.
पहाटे घरोघर रक्ताचे नमुने गोळा करते,
उड्डाणाचे पैसे दहा-वीसच्या नोटांत देते, मोजून, दोनदा.
गेल्या रविवारीच तिला येत होतं.
मला माहीत होतं.
हप्त्याला तीनशे वीस कमी पडत होते,
म्हणजे बरोबर चार उड्डाणं.
"अजून जरा पक्कं करू" म्हटलं असतं
तर ती मान डोलावून पर्स उघडती.

म्हटलंही. एकदा.
ऐंशी रुपये घेतले.

आज सव्वाआठला मी मागून उतरले.
रिकाम्या सीटवर माझे पट्टे आवळून बांधले,
दांडीत अडकायला नकोत.
ती म्हणाली, मॅडम, तुम्ही?
म्हटलं, मी चहा पिते.

एकट्या उड्डाणाला शिकवणाऱ्याचे पैसे नसतात.
छप्पन किलो कमी झाले तसं विमान
किती लवकर सुटलं जमिनीवरून,
मला जरा लागलंच ते.
चहा घेतला नाही.
पहिल्यांदाच तिची मान माझ्यापुढे नव्हती,
नुसता एक पांढरा ठिपका, कालव्यावर वळणारा,
आणि माझे हात, कुठे ठेवावेत कळेना,
मांडी नव्हती ना.

उतरली जरा लांब,
क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या स्टंपांजवळ.
काच वर करून मागे वळली.
अठ्ठावीस उड्डाणांत
हा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता.
वरच्या ओठावर तीळ आहे तिच्या.

लॉगबुकात माझ्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
तिने पर्स काढली. नको म्हटलं,
मागचे एक जमा आहेत.
ती समजली की नाही, कोण जाणे.

लांबून बापू ओरडले,
मॅडम, वारा फिरतोय,
दोर गुंडाळू का?