सुधारित कामकाजपत्रिका, तिसरी

पहिली पत्रिका मी सकाळी नऊला वाटली.
पांढरा कागद. बाब सहावी:
शाळेच्या माथ्यावर, उताराला, हिमलोट अडवणारा बांध.
दुसरी साडेअकराला, निळ्या कागदावर.
पांढरे संपले होते, एवढंच कारण;
पण सदस्यांनी त्यातूनही अर्थ काढले.

डिसेंबरात रेक्याविकला उजेड येतो तो
घाईतल्या पाहुण्यासारखा,
कोट न काढता टेकतो आणि निघतो.
तेवढ्यात सहावी बाब अकरावी झाली.
कॉड माशाचा कोटा मध्ये घुसला,
आणि त्याच्यामागून त्याचं सगळं गणगोत.
सभापतीबाईंनी विचारलं, नियमाला अपवाद करून
आयत्या वेळचा विषय घेऊ या का, कुणाची हरकत?
हरकत घ्यायला माणूस आत असावा लागतो.
बरेचसे जेवायला गेले होते.

गॅलरीत मात्र हॉल्फ्रिदुर होती.
वायव्येच्या फ्योर्डातून, दोन घाट ओलांडून,
आदल्या दिवशी नऊ तास बसने आलेली.
मांडीवर थर्मास. पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाली,
आमच्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलंय.
चाळीस घरं आहेत, म्हणाली, नाव तेवढं एकच आहे.
मग विचारलं, अकरावी म्हणजे किती वाजता?

बावीस वर्षं मी इथली दारं उघडतो, कागद वाटतो.
ह्याचं उत्तर मला अजून येत नाही.
म्हटलं, खाली कॉफी मिळते.

चारला अंधार. पाचला तिसरी पत्रिका:
अकरावी बाब सोमवारी.
हवामान खात्याचीही एक सुधारित पत्रिका होती,
रात्री दहापासून घाट बंद.
तिच्यात अपवाद मागायची सोय नव्हती.
ती उठली. हातमोजे घातले, उजवा काढला,
माझा हात हातात घेतला, मोजा पुन्हा घातला.
काही झालं तर कळवा, म्हणून नंबर दिला.

रात्री एक वाजून दहा मिनिटं.
कॉडवरचे वक्ते दमले की रुसले, देव जाणे.
वेळ आहे तर सोमवारची एक बाब
उरकून घेऊ, सभापती म्हणाल्या. हरकत?
सात जण. त्यातला एक झोपलेला.
दीड मिनिटही लागलं नाही.
सवयीनं मी गॅलरीकडे पाहिलं:
खुर्चीखाली पांढरा कागद,
पेनानं दुरुस्त केलेलं ते अक्षर.

फोन लावला. अशा वेळी लावू नये, कळत होतं.
पलीकडे वारा, फावड्यांची खरखर.
बस रुतलीय, मोठ्यानं बोला, ती ओरडली.
झालं, मी म्हटलं. समितीकडे गेलं.
कधी?
आत्ता.
आत्ता? मग बराच वेळ नुसता वारा.
नाव नीट वाचलं का त्यांनी?

नाव वाचलंच नव्हतं. क्रमांक पुकारला होता.
मी शब्द जुळवत होतो,
तोवर ती दुसऱ्याच कुणाला सांगू लागली,
तिकडे टाका, डावीकडे,
चाकामागे नको.