गव्हाणीतली लाल मोटार

येरेवान सोडलं तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते.
गाडी मी चालवते. गागिकला चालवता येत नाही,
त्याला सनावळ्या येतात.
मांडीवर वही, वहीत अख्खा देश,
आणि मागच्या सीटवर आमचा अरेग,
पाचाला दोन महिने कमी,
तोंडात लवाशचा तुकडा, हातात लाल मोटार,
तिचं एक चाक कधीचंच गेलेलं.

'हे सेवान सरोवर,' गागिक म्हणाला.
'समुद्र,' अरेग म्हणाला.
'सरोवर.'
'समुद्र.'
आणि विषय मिटला.

नोरातुसला दगडच दगड. उभे, कललेले,
अंगावर पिवळट दगडफूल चढलेले,
प्रत्येकावर क्रूस, क्रूसाभोवती जाळी,
सुईने विणावी तशी छिन्नीने विणलेली.
गागिक तेराव्या शतकात शिरला.
अरेग दगडांमागे शिरला, आणि ओरडला,
'आई, शोध!'
मी दटावणार, तोच मोजे विकणारी सातेनिक आजी म्हणाली,
'ओरडू दे गं. इथे कुणाची झोपमोड होत नाही.'
हातातल्या सुया न थांबवता
तिने त्याच्या पावलांचं माप डोळ्यांनीच घेतलं.
मोजे दोन बोटं मोठे निघाले.
'पुढच्या हिवाळ्यात बसतील,' म्हणाली,
पैसे मात्र आजच घेतले.

सेलिमच्या घाटात आमची निवा धापा टाकू लागली.
माझ्या सासऱ्यांची गाडी, त्यांच्यासारखीच,
चढ लागला की तापणार.
माथा ओलांडला, आणि बॉनेटमधून वाफ.
कशीबशी उतरवली सराईपर्यंत.

काळ्या दगडाची सराई, डोंगराला पाठ लावून बसलेली.
दारावर कोरलेला बैल. वारा असा
की गागिकची वाक्यं अर्धी दरीत जात होती.
आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागला.
मग छताच्या भोकातून उतरलेला एक उजेडाचा खांब,
आणि खांबांमधून लांबच लांब गव्हाणी.
'इथे व्यापारी मुक्काम करायचे,' गागिक म्हणाला,
'उंट, घोडे, खेचरं.'
'मग ते गेले कुठे?'
गागिकने वही उघडली.
बराच वेळ पानं उलटत राहिला.

बाहेर एक इराणी ट्रक उभा होता.
ड्रायव्हरने आमची वाफ पाहिली,
न विचारता पाण्याचा कॅन आणला,
हाताला फडकं गुंडाळून झाकण उघडलं.
त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला.
छातीवर हात ठेवून म्हणाला, 'बेहरूज.'
मी म्हटलं, 'शोघेर.'
अरेगने त्याला विचारलं, 'तुझे उंट कुठायत?'
त्याला कळलं नाही.
त्याने मूठभर पिस्ते दिले.

येघेग्नाद्झोरला पोचलो, कपडे काढताना अरेग थबकला.
'मोटार.'
खिसे झाडले, सीटखाली हात घातला, पिशव्या उपड्या केल्या.
मग त्यालाच आठवलं. 'तिला पाणी प्यायला ठेवलीय.
घोड्यांच्या जागी.'
मी दचकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं,
आता भोकाड पसरणार.
तो नवे मोजे चढवत होता,
टाच पार घोट्याच्या वर.
'तहान फार होती तिला,' म्हणाला, आणि झोपला.
मीच जागी राहिले.
घाटात रात्री किती गार पडतं,
तीन चाकांवर कसं उभं राहतात,
असलं काहीबाही डोक्यात.

सकाळी वहीत नोरावांक होतं,
पुढे दोन मठ, एक पूल, एक किल्ला.
मी चौकात गाडी डावीकडे घेतली, आल्या वाटेने.
गागिकने माझ्याकडे पाहिलं.
मग पुढे सरकून इंजिनाचा काटा बघत बसला,
घाटभर,
जणू त्याच्या नजरेनेच तो खाली राहणार होता.

वर ट्रक नव्हता. जिथे उभा होता तिथे
तेलाचा डाग, पिस्त्यांची टरफलं.
अरेग पोचला आधी, मोठ्या मोज्यांत अडखळत,
बूट गाडीतच राहिलेले.
मी त्याच्या मागे, गागिक माझ्या मागे.
आत अंधार.
डोळे सरावायला वेळ लागतो.