लायलचा कान

साडेआठला शाळेच्या नाक्यावर
लायल ट्रेवास्किस 'थांबा'ची पाटी घेऊन उभा असायचा.
उजवा कान शाबूत.
डाव्याची वरची कड गायब,
टोस्टचा कोपरा कुणी चावून न्यावा तशी.

आम्ही विचारायचो. तो रोज नवं सांगायचा.
सोमवारी मगर.
मंगळवारी बायको. "पहिली," हेही सांगायचा.
एकदा म्हणाला, उसना दिलाय एका माणसाला,
शुक्रवारी परत आणून देणार आहे.
शुक्रवारी आम्ही सगळे लवकर पोचलो.

डिसेंबरात ऊस कापून झालेला असायचा,
गाव उघडं पडायचं चारी बाजूंनी,
डांबर बुटांना चिकटायचं.
आणि शाळेचा नियम: टोपी नाही तर खेळ नाही.
माझी हरवली होती. तिसऱ्यांदा.
आता मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसायचं,
जाळीआड, गोवर आल्यासारखं.
मी रडत नव्हते.
नाक गळत होतं फक्त.

लायलनं पाटी कुंपणाला टेकवली, गुडघे कुरकुरवत खाली बसला.
"उन्हानं नेला," म्हणाला.
मला वाटलं, ही आजची थाप.

"बावीस वर्षं पत्रे ठोकले मी या गावाच्या छपरांवर.
डोक्यावर कॅप. कॅपला पुढे छज्जा असतो,
बाजूला काय असतं? काही नाही.
वरून ऊन, आणि पत्र्यावर आपटून खालूनही तेच ऊन.
कानावर खपली धरायची. मी नखानं काढायचो.
परत धरायची."

चार उन्हाळे त्यानं
स्वतःच्याच कानाकडे कानाडोळा केला.

"मग टाउन्सव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं
आणि नुसतं 'हं' म्हणाल्या.
मगरीला नाही भीत मी, पोरी.
त्या 'हं'ला भितो."

मग त्यानं आपली गवती हॅट माझ्या डोक्यावर ठेवली.
ती नाकापर्यंत आली.
आत घाम, पेपरमिंट आणि अंधार.
स्वतः दिवसभर ओला टॉवेल गुंडाळून उभा,
विचारेल त्याला सांगत होता,
लग्न ठरलंय.

नाक्यावर आता सिग्नल आहे.
माझी टॅमसिन सात वर्षांची,
मलम लावताना मासळीसारखी निसटते.
कपाळ, नाक, मान
इथवर सगळ्याच आया लावतात.
मी तिचे कान धरते,
दोन्ही, शिक्षा केल्यासारखे,
कडेवरून, मागच्या घडीतून बोट फिरवते सावकाश.
"झालं?"
"झालं."
झालेलं नसतं.

"पण कानच का?"
"मगर असते," मी म्हणते.
ती खिदळत पळते, एक गाल अजून पांढराच.

खरं सांगेन.
टोपी हरवू दे आधी.