फुंकर

कोकिंबोच्या बंदरामागे बहिऱ्यांचा डॉमिनो क्लब आहे.
दाराला घंटा नाही. बटण दाबलं
की आतला बल्ब दोनदा डोळे मिचकावतो.
सोंगटी टेबलावर आपटतात
ती चौघांच्या कोपरांना कळावी म्हणून.

माझे आईवडील तिथलेच. मी ऐकणारा,
पण माझंही नाव तिथंच पडलं:
तर्जनी कानामागे, पेन्सिल खोचल्यासारखी.
पेन्सिल सातवीत सुटली.
नाव सुटलं नाही.

तिथं कुणी आपलं नाव आपण घेऊन येत नाही.
कागदावरचं असतं ते सरकारचं.
हातावरचं इतरांनी द्यायचं,
नीट बघून, दिवस घालवून.
आणि खरं सांगतो, नाव ठेवणं
आणि नावं ठेवणं
यांत आमच्याकडे एका टिंबाचंच अंतर.
एलेउतेरिओ म्हणजे मास्तरांनी ओढलेला कान.
हॉर्तेन्सिया म्हणजे सांडलेलं सूप,
चाळीस वर्षांपूर्वी, एकदाच सांडलेलं.

एर्सिलिया आली तेव्हा एकोणीसची,
डोंगरातून, शेळ्यांच्या वासासकट.
भाषा होती तिच्यापाशी, पण दोनच माणसांची:
ती आणि तिची आई.
पाणी म्हणजे मनगट हलवणं.
वडील म्हणजे दाराकडे बोट.
एका खोलीत एवढे हात बोलताना
तिने पाहिलेच नव्हते;
भिंतीला पाठ लावून बसायची.

पहिल्याच महिन्यात तिने स्वतःचं नाव ठरवून टाकलं:
छातीपाशी उमलणारी पाच बोटं, फूल.
टेबलंच्या टेबलं हसली.
माझा बाप नोल्बेर्तो म्हणाला,
फुलं इथं आधीच तीन आहेत. तू थांब.

मग एका शुक्रवारी ती पाव खात होती,
कालचा, गार, दगड झालेला,
आणि प्रत्येक घासाआधी त्यावर फुंकर घालत होती.
बापाने दोन बोटं ओठांशी नेली.
खोलीभर बोटं ओठांशी गेली.
झालं.

चिडली. आठवडाभर फिरकली नाही.
मग आली, आणि दारात उभी राहून
ओठांशी बोटं नेत म्हणाली, मी आलेय.
पुढे चहा फुंकताना
ती आधी आमच्याकडे बघायची.

वर्षं गेली. मासळीच्या कारखान्यात डबे भरले,
लग्न केलं, सोडलं,
क्लबची खजिनदार झाली, हिशेबात कडक.

गेल्या हिवाळ्यात, जुलैत, आई गेली.
पुरून आली ती थेट टेबलापाशी.
सोंगट्या बाजूला सारल्या
आणि एक खूण केली, आमच्यात कुणालाच ठाऊक नसलेली:
अंगठा डाव्या भुवईवरून हळू, बाहेरच्या अंगाला,
कुणी लेकराच्या भुवईवरचं पीठ पुसावं तसा.

हे काय?

ही मी, ती म्हणाली. आई मला असं म्हणायची.
एकोणीस वर्षं हिला नावच नव्हतं
असं तुम्ही समजलात.
मीही समजले.

आम्ही करून पाहिलं.
हॉर्तेन्सियाचा अंगठा फार जोरात.
एलेउतेरिओचा भलत्याच भुवईवर.
बापाचा तर आता थरथरतो.
ती मान हलवत राहिली: असं नाही,
असंही नाही.

तो शब्द कळणारी जगात दोन माणसं होती.
उरली ती, जिने तो कधी म्हणायचा नव्हता,
नुसता बघायचा होता.

मग कुणी काही बोललं नाही,
म्हणजे हात मांडीवर होते.
माझी आई उठली, किटली घेऊन आली.
एर्सिलियापुढे कप ठेवला. वाफ वर जात होती,
ती वाफेकडे बघत बसली, कपाला हात लावेना.
आई वाकली
आणि तिच्या चहावर फुंकर घातली.

तिला हाक मारली,
की नुसता चहा निववला,
मी विचारलं नाही.