उलटा ठसा

वडगावात आमच्या बोळातले माग थांबले
तेव्हा सिद्राय भावजी पंचकार्डांची चळत रद्दीत घालायला निघाले होते.
मी म्हटलं, राहू देत की.

भोकाभोकांचा पुठ्ठा, त्यावर जाड कागद,
रिफिल संपलेल्या पेनानं एकेक भोक चाचपत दाबायचं.
कागदाच्या पाठीला खड्डा, तोंडाला उंचवटा.
एका कार्डात अख्खं फूल नसतं,
फुलाची एक ओळ असते फक्त.
बाकीचं फूल कुठल्या लुगड्यात गेलं, काय की.

अन्नपूर्णक्का सोमवारी चालल्या, दावणगिरीला, लेकीकडे.
बत्तीस वर्षं समोरचं दार.
मी लग्न होऊन आले तेव्हा बसची पाटी म्हणजे मला नुसती नक्षी.
त्यांनी बशीतल्या चहात बोट बुडवून
फरशीवर अक्षरं काढून दाखवली,
ह्यानं खानापूर सुरू होतं, ह्यानं बैलहोंगल.
वाळायच्या आत वाचायचं.
पाटी नाही, पेन्सिल नाही, गिरवायला दुसऱ्यांदा नाही.

म्हणून ग्रीटिंग. आणि दुकानातलं नको.

निळी शाई एका कडेनं, हळदी दुसऱ्या कडेनं.
स्पंज आधी कागदाच्या बाहेर टेकवायचा,
मग गोल गोल फिरवत आत आणायचा,
घाई केली की डाग पडला, तो बसलाच.
मधे कुठंतरी हिरवं होतं.
कुठून होतं, ते बोट ठेवून सांगता येत नाही.
आमच्याकडे रेघेचा विषय निघाला की आवाज चढतात;
मी आपली शाईचं सांगते.

ठसा खोडरबराचा, ब्लेडनं कोरलेला.
आजवर पानं कोरली, पणत्या कोरल्या, एक मोर,
तो डावीकडं बघतो का उजवीकडं, कोण विचारतंय?
या वेळी अक्षरं: होगि बर्री.
जाऊन या.
नुसतं जा कुणाला म्हणायचं नाही,
एवढं दोन्ही घरांत सारखंच.

चिकट शाईला रंग नसतो. ठसा उठला का, तेही कळेना.
वर रुपेरी पूड भुरभुरली, कागद टिचकीनं झटकला,
उरलेली पूड कागदी पन्हळीतून परत डबीत.
केसांच्या ड्रायरनं मागच्या खेपेला सगळी पूड उडवून सोडली होती,
म्हणून इस्त्री उलटी करून वरवंट्याला टेकवली
आणि कार्ड वर अधांतरी धरलं, बोटं भाजत.
आधी राखेसारखं, मळकं. काहीच नाही. काहीच नाही.
मग एका टोकाकडून चकाकी चालत आली,
कढईत कुंदा सुटतो तशी,
आणि अक्षरं फुगून उभी राहिली.

उलटी.

कन्नड गोल; उलटं झालं तरी पहिल्या नजरेला गोलच.
डबीत पूड संपलेली. रविवारचे साडेसात.

त्यांच्या घरात आवाज घुमत होता.
भांडी पोत्यांत, कपाट दोरीनं बांधलेलं, आरशावर चादर.
मी कार्ड दिलं आणि पुढचं काही बोलता आलं नाही.
अक्कांनी चष्मा लावला, डोकं तिरकं केलं,
मग चादर बाजूला सारून कार्ड आरशासमोर धरलं.
अक्षराखाली बोट नेत वाचलं, वर्गात वाचावं तसं मोठ्यानं.
उंचवट्यावर बोट दोनदा मागं आलं.

"उलटं चालतंय," म्हणाल्या,
"तिथं वेणी घालताना समोर लावीन.
पण र्रि ऱ्हस्व गं.
तुमच्या मराठीला शेवटी दीर्घच पाहिजे."

बांधायचा राहिलेला एकच स्टीलचा पेला होता.
त्यातल्या चहात त्यांनी बोट बुडवलं
आणि झाडून घेतलेल्या फरशीवर वाकल्या.

मी वाचलं.
पंखाही काढून नेला होता,
अक्षर जरा उशिरा वाळलं.